‘मला खरंच माहीत नव्हतं’: कायदा या वाक्याचं काय करतो?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे भागाचं शब्दांकन.

आज एकच वाक्य घेऊन बसलोय. ‘मला खरंच माहीत नव्हतं.’ घरी, कॉलेजात, ऑफिसात आपण सगळेच हे वाक्य वापरतो. कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं असतं आणि कधी आपण सरळ कानावर हात ठेवलेले असतात. समोरचा माणूस आपल्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधतो आणि विषय संपतो. कोर्टाला मात्र चेहरा बघून निकाल देता येत नाही. तिथे या वाक्यावर कुणाचा लॅपटॉप, कुणाचं घर, कुणाची पोटगी ठरते.

कायद्यात या गोष्टीला सद्भाव म्हणतात. ‘बोना फाइड’ हा शब्द तुम्ही कॉलेजच्या सर्टिफिकेटवर पाहिला असेल, तो मूळचा लॅटिन ‘बोना फिडेस’, म्हणजे हाच सद्भाव.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वकील नाही, कोड लिहून पोट भरणारा बीटेक माणूस आहे. कलमं वाचायला मला आवडतात, कारण त्यांची रचना ओळखीची वाटते. अमुक अट पूर्ण झाली तर हे, नाहीतर ते, आणि खाली अपवाद. त्यामुळे आजचं बोलणं म्हणजे समजून घेण्याची गोष्ट आहे, सल्ला नाही. स्वतःचं प्रकरण असेल तर वकील गाठा.

चला, एक काल्पनिक प्रसंग घेऊ.

तुम्ही तुमचा लॅपटॉप मित्राला पंधरा दिवस वापरायला दिला. मित्राने तो एका अनोळखी विद्यार्थिनीला विकला. भाव बाजारातलाच होता, फुकटात वगैरे काही नाही. तिने वर्षभर साठवलेले पैसे दिले. मित्र पैसे घेऊन गायब झाला. फोन बंद, खोली रिकामी. महिन्याभराने तुम्हाला तुमचा लॅपटॉप तिच्या टेबलावर दिसतो. झाकणावरचा स्टिकरसुद्धा तुमचाच.

तुम्ही म्हणता, माझा आहे. ती म्हणते, मी पैसे मोजलेत, मला काय माहीत तो त्याचा नव्हता? आता सांगा, लॅपटॉप कुणाचा?

आपल्याकडे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ अशी म्हण आहे. इथे गंमत अशी की चोर पळालाय आणि समोर संन्यासी दोन उभे आहेत. दोघंही निर्दोष. तरी नुकसान एकाला सोसावंच लागणार, कारण लॅपटॉप एकच आहे. सद्भावाचा सगळा कायदा या जागेवर उभा आहे. कोण चांगला माणूस आहे हे तो ठरवत नाही. लबाडी करणारा हातातून निसटला की उरलेल्या दोघांपैकी तोटा कुणाच्या पदरात टाकायचा, एवढंच तो ठरवतो. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

दोन प्रकारचे सद्भाव

‘सद्भाव’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. जर्मन लोकांनी त्यांना दोन वेगळी नावंच देऊन टाकली. त्यांची नागरी संहिता 1 जानेवारी 1900 पासून लागू आहे. तिच्या कलम 242 मध्ये ‘ट्रॉय उंड ग्लाउबेन’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ असा की व्यवहारात सरळपणे वागा, समोरच्याचा विश्वास राखा. समजा भाडेकरूनं एका महिन्याचं भाडं चुकून एक रुपया कमी पाठवलं आणि तेवढ्यावरून घरमालक करार मोडायला निघाला. तेव्हा घरमालकाच्या मनात काय चाललंय हे विचारायची गरज नसते. त्याचं वागणं बाहेरून मोजता येतं. हा वस्तुनिष्ठ सद्भाव, म्हणजे वागण्यातला.

दुसरा शब्द कलम 932 मध्ये आहे, ‘गुटर ग्लाउबे’. इथे प्रश्न वागण्याचा नसून समजुतीचा आहे. लॅपटॉप घेताना त्या मुलीला काय माहीत होतं? तिची समजूत काय होती? हा व्यक्तिनिष्ठ सद्भाव, म्हणजे मनातला. आजचा भाग याच्यावर आहे.

स्विस संहिता 1907 ची, लागू झाली 1912 पासून. तिने तर हे दोन सद्भाव अगदी शेजारी शेजारी ठेवलेत. कलम 2 मध्ये वागण्यातला आणि कलम 3 मध्ये मनातला. दोन वेगळे व्हेरिएबल, दोन वेगळी नावं. कोड रिव्ह्यूमध्ये असं दिसलं की बरं वाटतं.

मग लॅपटॉप कुणाचा?

जर्मनीत उत्तर आहे, विद्यार्थिनीचा. का? कारण तुम्ही तो स्वतःच्या हाताने मित्राला दिला होता. विश्वास कुणावर ठेवायचा हे तुम्ही निवडलं, तिने नाही. त्यामुळे त्या विश्वासाचा तोटा तुमच्याकडे येतो. अट एकच, ती सद्भावी हवी. आणि कलम 932 सद्भाव कधी नसतो ते सांगतं. वस्तू विकणाऱ्याची नाही हे तिला माहीत असेल, किंवा घोर निष्काळजीपणामुळे माहीत नसेल, तर सद्भाव नाही.

आता प्रसंग थोडा बदलू. मित्राला दिला नव्हता, रेल्वेत बॅगेतून चोरीला गेला. तीच मुलगी, तोच भाव, तेवढीच प्रामाणिक. जर्मनीत कलम 935 आडवं येतं आणि लॅपटॉप तुमचाच राहतो. चोरीची किंवा हरवलेली वस्तू नुसत्या सद्भावाने विकत घेणाऱ्याची होत नाही. तिच्या मनात काडीचाही फरक पडलेला नाही, तरी निकाल उलटा. म्हणजे तिचा सद्भाव हा एक इनपुट आहे. दुसरा इनपुट, वस्तू तुमच्या हातातून कशी गेली.

या नियमाला अपवादही आहे. रोख पैसे आणि जाहीर लिलावात विकल्या गेलेल्या वस्तूंना कलम 935 ची ही अडवणूक लागू नाही. पैशाचं कारण उघड आहे. वाण्याला तुम्ही दिलेली नोट आधी कुणाच्या खिशातून गेली होती हे शोधत तो बसला, तर दुकान चालणारच नाही.

फ्रान्सची संहिता 1804 ची. तिथलं आजचं कलम 2276 म्हणतं, जंगम वस्तूच्या बाबतीत ताबा हाच हक्काचा कागद. मित्राने विकलेला लॅपटॉप तिथेही त्या सद्भावी मुलीकडेच राहील. चोरीचा असेल तर तुम्हाला चोरीच्या दिवसापासून तीन वर्षांत परत मागता येतो. आणि कलम 2277 मध्ये एक माणुसकीची तडजोड आहे. तिने तो बाजारात किंवा तशाच वस्तू विकणाऱ्या दुकानदाराकडून घेतला असेल, तर तुम्ही वस्तू परत घ्या, पण तिने मोजलेली किंमत तिला द्या. स्वित्झर्लंडमध्येही साधारण असंच आहे, फक्त मुदत पाच वर्षांची. चोरीला गेलेल्या सांस्कृतिक ठेव्यासाठी, म्हणजे जुन्या मूर्ती, चित्रं वगैरेंसाठी, ती 30 वर्षांपर्यंत जाते.

आणि भारतात? इथे आपण वेगळ्या झाडावर आहोत. आपला विक्रीचा कायदा इंग्रजांकडून आलेला, 1930 चा. त्याचं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. मित्राकडे मालकी नव्हती, म्हणून मुलीकडे ती आली नाही. लॅपटॉप तुमचा. ती कितीही प्रामाणिक असो. तिने पैसे मागायचे त्या पळालेल्या मित्राकडे. कागदावर तो हक्क तिला पक्का आहे, फक्त मित्र सापडायला हवा.

बघा हं, माणसं तीच, मनं तीच, प्रामाणिकपणा तोच. म्युनिकला एक उत्तर आणि मालाडला दुसरं. तिकडे राहणारी आपली कितीतरी मराठी मंडळी सेकंडहँड गाडी, सायकल, फोन घेत असतात. त्यांनी हा फरक ओळखून असावं.

पण थांबा, भारतातही अपवाद आहे

हा अपवाद आपल्या पिढीच्या रोजच्या जगण्यातला आहे. समजा तुम्ही फोन विकायला काढलात. एकजण आला, खोटी ओळख सांगितली, पेमेंट झाल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवला आणि फोन घेऊन गेला. तुम्हाला फसवणूक कळायच्या आत त्याने तो दुसऱ्या कुणाला तरी रीतसर विकला.

इथे फोन चोरीला गेलेला नाही. तुम्ही तो विकलात, फसून का होईना. असा करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला असतो, पण रद्द करेपर्यंत तो जिवंत असतो. आता याच कायद्याचं कलम 29 बघा. करार रद्द होण्याआधी तो फोन कुणी सद्भावाने आणि गडबडीची कल्पना नसताना विकत घेतला, तर घेणाऱ्याला चांगली मालकी मिळते. फोन गेला. म्हणून फसवणूक लक्षात आल्यावर ‘उद्या बघू’ करू नका. त्या क्षणी लेखी कळवा की करार रद्द, तक्रार करा, पुरावा ठेवा. इथे तासातासाला महत्त्व आहे.

कोणत्या क्षणाचं मन मोजायचं?

यावरून पुढचा प्रश्न. मन बदलत असतं. आज माहीत नव्हतं, सहा महिन्यांनी कळलं. मग सद्भाव टिकला की गेला?

रोमन कायद्यात दुसऱ्याची वस्तू ठराविक काळ ताब्यात राहिली तर ती ताबेदाराची होऊ शकत असे. जुन्या नियमाप्रमाणे जमिनीसाठी दोन वर्षं, बाकी वस्तूंसाठी एक वर्ष. चोरीच्या वस्तूला ही सवलत नव्हती. पुढे सद्भावाची अट पक्की झाली, पण ती फक्त सुरुवातीच्या क्षणासाठी. वस्तू हातात आली तेव्हा मन स्वच्छ होतं ना? मग नंतर खरं कळलं तरी चालेल.

चर्चला हे पटलं नाही. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेत चर्चने ठरवलं की सद्भाव शेवटच्या दिवसापर्यंत टिकायला हवा. दुसऱ्याचं आहे हे कळूनही धरून ठेवणं म्हणजे पाप. एक टाइमस्टॅम्प की सलग लॉग, असा हा वाद.

आणि तो अजून मिटलेला नाही. फ्रान्सचं कलम 2275 रोमच्या बाजूने आहे. घेताना सद्भाव होता एवढं पुरे. जर्मनीत दहा वर्षांच्या सलग ताब्याने वस्तू आपली होते, पण कलम 937 चर्चच्या बाजूने आहे. मधे कधीही खरं कळलं की खेळ संपला.

मनात शिरायचं कसं?

आता सगळ्यात अवघड भाग. कोर्टाकडे मनाचा स्क्रीनशॉट नसतो. मग करायचं काय?

पहिली युक्ती म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू. फ्रान्सचं कलम 2274 आणि स्विस कलम 3 दोन्ही सांगतात की सद्भाव गृहीत धरायचा. समोरच्याच्या मनात काळंबेरं होतं असं ज्याचं म्हणणं, त्याने ते सिद्ध करावं. हे बारीक कलम वाटतं, पण निम्मे खटले इथेच फिरू शकतात. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. नसलेली गोष्ट दाखवणार कशी?

दुसरी युक्ती, मनाच्या बाहेर पडलेल्या खुणा बघायच्या. भाव किती होता? निम्म्याहून कमी किमतीत नवा कोरा फोन मिळत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय हे कुणालाही कळावं. व्यवहार कुठे झाला, दुकानात की रात्री स्टेशनबाहेर? कागद होते का? विकणारा घाई करत होता का?

जर्मनीत गाडीच्या बाबतीत हे फार ठळक आहे. तिथे गाडीच्या नोंदणीचा दुसरा भाग हा वेगळा कागद असतो. सेकंडहँड गाडी घेताना तो बघायलाही मागितला नाही, तर तो घोर निष्काळजीपणा धरला जातो आणि सद्भाव संपतो. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर एक मर्सिडीज आली. गाडी भाडेपट्ट्याची होती, खरी मालकी आणि खरे कागद भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीकडे होते. इटलीतल्या एका कंपनीने ती विकत घेतली. त्यांचं म्हणणं, आमच्या मध्यस्थाला कागद दाखवले होते, ते बनावट निघाले. मालक कंपनीचं म्हणणं, तुम्ही कागद पाहिलेच नाहीत. कोर्टाने सांगितलं की घेणाऱ्याने कागद पाहिले नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या मालकाची. घेणाऱ्याने फक्त काय, कसं, कुठे दाखवलं याचा नीट तपशील द्यायचा. मालकाला ते सिद्ध करता आलं नाही, गाडी घेणाऱ्याकडे राहिली. डिफॉल्ट व्हॅल्यूची ताकद ही अशी असते.

आणि तिसरी गोष्ट. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. खरोखर न कळणं वेगळं आणि कळू नये म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून घेणं वेगळं. ‘बिल मागितलं तर काहीतरी भानगड निघेल, त्यापेक्षा नको मागायला’, असा विचार ज्याच्या मनात आला, त्याला भानगडीचा वास आधीच लागलेला होता. अशा माणसाला कायदा सद्भावी म्हणत नाही.

मधे उरतो तो भोळा माणूस. प्रामाणिक आहे, पण वेंधळा. त्याचं काय करायचं? इथे आपल्या भारतीय कायद्यात एक मजेशीर गोष्ट आहे. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या!

1897 चा सामान्य वाक्खंड अधिनियम आहे, म्हणजे बाकीचे केंद्रीय कायदे वाचताना वापरायची शब्दावली. त्याचं कलम 3, खंड 22. त्याचा मथितार्थ असा की गोष्ट प्रामाणिकपणे केलेली असेल तर ती सद्भावाने केली, मग निष्काळजीपणा झाला असो वा नसो. म्हणजे वेंधळा पास!

आता 1963 चा मुदतीचा कायदा उघडा. त्यात सद्भावाची व्याख्या अशी की योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेलं नसेल, तर ते सद्भावाने केलेलं नाही. वेंधळा नापास. फौजदारी बाजूलाही 1860 च्या दंड संहितेपासून आजच्या न्याय संहितेपर्यंत हीच काळजीची अट आहे. शब्द एकच, फंक्शन वेगळं, कोणत्या फाइलमध्ये उभे आहात त्यावर अवलंबून. म्हणून ‘मी चांगल्या मनाने केलं’ असं म्हणताना कोणत्या कायद्याखाली म्हणताय हे बघावंच लागतं.

फोनच्या बाबतीत तर हे फार टोकदार होतं. चोरीचा फोन सद्भावाने घेतलात तर भारतात फोन मूळ मालकाकडे जातो. सद्भाव तिथे कामाला येत नाही. पण चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो का, तिथे सगळं तुमच्या मनावर येतं. चोरीचा आहे हे माहीत होतं का, किंवा तसं वाटायला कारण होतं का? म्हणजे सद्भाव फोन वाचवत नाही, तुम्हाला वाचवतो. म्हणून सेकंडहँड फोन घेताना ‘स्टार हॅश शून्य सहा हॅश’ डायल करून आयएमईआय नंबर बघा, संचार साथीच्या पोर्टलवर तपासा, बिल मागा, चॅट जपून ठेवा. सद्भावाचा पुरावा व्यवहार होतानाच तयार होतो. नंतर बनवायला गेलात तर तो नुसता बचाव दिसतो.

घर बांधलं आणि जमीन दुसऱ्याची निघाली

फोनचं ठीक आहे हो, दुसरा घेता येतो. घराचं काय?

एखाद्याने जागा घेतली, कागद बरोबर वाटले, कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. पाच वर्षांनी कुणी खरा वारस उभा राहिला आणि त्याचा हक्क वरचढ ठरला. बांधणाऱ्याने रस्त्यावर यायचं?

फ्रान्सच्या कलम 555 चं उत्तर बांधणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. त्याला कागदातली खोट माहीत होती तर मालक म्हणू शकतो, पाड, आणि स्वतःच्या खर्चाने पाड. माहीत नव्हती तर मालकाला पाडायला सांगता येत नाही. त्याने बांधकाम ठेवायचं आणि खर्च किंवा वाढलेली किंमत यांपैकी एक भरून द्यायची.

आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 51 जवळपास याच वाटेने जातं. जागा पूर्णपणे आपलीच आहे असं सद्भावाने समजून सुधारणा केली आणि नंतर बाहेर पडावं लागलं, तर बाहेर काढणाऱ्यापुढे दोन पर्याय येतात. एक तर सुधारणेची किंमत दे, नाहीतर बाजारभावाने आपला हक्क यालाच विकून टाक. मात्र याच कायद्याचं कलम 41 लक्षात ठेवा. वरवर मालक दिसणाऱ्याकडून जागा घेताना नुसता सद्भाव पुरत नाही, वाजवी चौकशीही केलेली लागते. म्हणून सात-बारा, इंडेक्स टू आणि सर्च रिपोर्ट ही फक्त बँकेची कटकट नाहीये. उद्या ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची वेळ आलीच, तर त्या वाक्याला टेकू देणारे हे कागद आहेत.

आणि लग्न?

आता शेवटचा प्रसंग. इथे वस्तूच नाही, माणसाचं आयुष्य आहे.

एका बाईने रीतसर लग्न केलं. नंतर कळलं की नवऱ्याचं पहिलं लग्न अजून कायम आहे. कायद्याने दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. मग ही बाई कोण? इतकी वर्षं संसार केला त्याचं काय?

फ्रान्सच्या कलम 201 मध्ये याचं उत्तर सद्भावावर बांधलंय. लग्न रद्द ठरलं तरी ज्याने सद्भावाने केलं त्याच्यासाठी लग्नाचे परिणाम धरले जातात. दोघांपैकी एकच सद्भावी असेल तर फक्त त्या एकासाठी. एकच लग्न, तिच्यासाठी ते लग्न होतं, त्याच्यासाठी नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कलम दोनदा वाचलं.

आपल्याकडे 1988 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असं एक प्रकरण आलं, मुंबई हायकोर्टातून गेलेलं. बाईचं म्हणणं होतं, पहिल्या लग्नाबद्दल मला सांगितलंच नव्हतं. कोर्टाने म्हटलं, पोटगीच्या कलमात ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नी. तिला माहीत नव्हतं याने फरक पडत नाही. पोटगी नाही.

पंचवीस वर्षं गेली. 2013 मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टात तसंच प्रकरण, पुन्हा मुंबई हायकोर्टातून. नवऱ्याने पहिलं लग्न लपवून दुसरं केलं होतं आणि पोटगी मागितल्यावर म्हणत होता, ही माझी पत्नीच नाही. या वेळी कोर्टाने सांगितलं, स्वतःच्या लबाडीचा फायदा तुला घेता येणार नाही. पोटगीपुरतं तिला पत्नी मानलं. आधीच्या निकालाचा नियम फक्त जिला पहिलं लग्न पूर्ण माहीत होतं, तिच्यापुरता ठेवला.

दोन्ही निकालांत कलम तेच. एका निकालात तिच्या मनाला किंमत शून्य, दुसऱ्यात सगळं त्यावरच. आणि दुसरा निकाल बरोबर का वाटतो, याचं माझ्यापुरतं उत्तर लॅपटॉपच्या गोष्टीत आहे. तिथे लबाड पळून गेला होता, म्हणून दोन निर्दोष माणसांपैकी एकाला तोटा देणं भाग होतं. तिथे देशागणिक उत्तर बदलतं ते मला समजू शकतं. इथे लबाड पळालेला नाही. कोर्टात समोर उभा आहे, पगार घेतोय, आणि तरी सगळा तोटा जिला काहीच माहीत नव्हतं तिने सोसायचा? लबाड हाताशी असताना सद्भावी माणसाला बिल पाठवणं याला काही अर्थ नाही.

म्हणून पुढच्या वेळी असं एखादं प्रकरण बातमीत दिसलं, की ‘कोण खरं बोलतंय’ याच्या आधी तीन प्रश्न विचारून बघा. लबाडी नेमकी कुणी केली आणि तो आता कुठे आहे? ज्याला माहीत नव्हतं त्याला कळून घेणं किती सोपं होतं? आणि त्याला वाचवलं तर त्याची किंमत कोण मोजणार? मत बनवायला एवढं पुरतं.

युरोपातली ही सगळी परंपरा आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही. गोव्यात कुटुंबाच्या बाबतीत 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या तरतुदी आजही चालतात. गोव्यातून ऐकणारं कुणी असेल आणि घरात त्याचा अनुभव आला असेल, तर मला ऐकायला आवडेल. त्यावर एक वेगळा भाग करू.

लॅपटॉपच्या गोष्टीत तुम्ही कुणाच्या बाजूने होतात, मालकाच्या की त्या मुलीच्या, तेही कळवा. आणि हो, जुना फोन घ्यायच्या विचारात असलेला कुणी मित्र असेल, तर त्याला हा भाग आधी पाठवा, व्यवहार झाल्यावर नको. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.